रायफलीवर रेड डॉट साइट कुठे बसवावी

तेजस्विनी सावंत यांचे 2010 मधील म्युनिकचे 50 मीटर प्रोन प्रकारातील जगज्जेतेपद आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांचे 2024 मधील पॅरिस ऑलिम्पिकचे कांस्यपदक यांमुळे कोल्हापूरची नेमबाजी सर्वदूर पोहोचली असली, तरी ही दोन्ही यशे बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या पीप साइटवरची आहेत, हे हौशी नेमबाजांच्या क्वचितच ध्यानात असते. रेड डॉट साइट ही निराळी वस्तू आहे; तिच्यात लहानशा दिव्याचा तांबडा प्रकाश मुलामा दिलेल्या काचेवरून परतून डोळ्याकडे जवळजवळ समांतर किरणांनी येतो, त्यामुळे ठिपका लक्ष्यावरच टेकल्यासारखा दिसतो. तीन मिनिटांचा ठिपका, म्हणजे एका अंशाच्या विसाव्या भागाएवढा, 10 मीटरवर सुमारे 9 मिलिमीटर जागा झाकतो, आणि एअर रायफलच्या कागदी लक्ष्यावरील दहा गुणांचा टिंब अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणून ही साइट गुणांच्या स्पर्धेची नव्हे, तर डबे किंवा पत्र्याची लक्ष्ये झटपट टिपण्याची आहे.

दुर्बिणीप्रमाणे या साइटपासून डोळा ठरावीक अंतरावर ठेवावा लागत नाही, आणि नवख्याची फसगत या मोकळिकीतूनच सुरू होते, कारण ती कुठेही चालते असे समजून माउंट आधी आवळला जातो व मान मागाहून त्याच्याशी जुळवून घेतली जाते. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात वारंवार आलेला प्रकार असा, की ठिपका दिसावा म्हणून नेमबाज गाल दस्त्यावरून उचलतो, उचललेला गाल प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर थांबतो, आणि छर्रे विखुरले की दोष मात्र साइटला दिला जातो. नळी रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल नेहमीसारखा टेकवावा आणि मगच डोळे उघडावेत. त्या क्षणी ठिपका काचेच्या मध्याजवळ दिसला पाहिजे, नाहीतर माउंटची उंची किंवा दस्त्याचा गालाखालचा भाग बदलावा, मान बदलू नये.

उंचीचा दुसरा परिणाम जवळच्या अंतरावर जाणवतो. ठिपक्याची रेषा नळीच्या मध्यरेषेपेक्षा 6 सेंटिमीटर वर असून नेम 25 मीटरवर जुळवला असेल, तर छर्‍याची वाटेतली घसरण हिशेबात न धरता 5 मीटरवर मारा 4.8 सेंटिमीटर खाली बसतो. हीच उंची 3 सेंटिमीटर असती, तर फरक निम्म्यावर आला असता. म्हणून रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागील यंत्रभागाच्या, माथ्यावर शक्य तितकी खालची जागा ही बहुतेकांसाठी योग्य होय. दुर्बिणीच्या पाठीवर रेड डॉट चढवण्याची पद्धत आकर्षक दिसते, परंतु तिथे गालाऐवजी हनुवटी टेकवावी लागते, आणि हा तोटा लहान नाही. बाजूला 45 अंशांत बसवलेली साइट रायफल तेवढीच कलती धरूनच जुळवावी. रायफल उभी धरून 5 सेंटिमीटर उजवीकडची साइट 25 मीटरवर जुळवली, तर 50 मीटरवर मारा 5 सेंटिमीटर उजवीकडे जाईल.

स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन सुटताना एक हिसका मागे आणि तो सिलिंडरच्या टोकाशी थांबताना दुसरा पुढे बसतो, त्यामुळे निव्वळ आवळलेला माउंट खाचेतून सरकतो आणि नाजूक साइट निकामीही होते. अशा रायफलीसाठी अडकणीचा स्क्रू असलेला माउंट आणि दुहेरी धक्का सोसेल असे निर्मात्याने सांगितलेली साइटच घ्यावी.

जोतिबाच्या परिसरात, म्हणजे पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगराभोवती, साइट निवडणाऱ्याने हवेचाही विचार करावा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तिथे गुलाल उधळला जातो आणि पावसाळ्यात डोंगरावर धुके उतरते. उघड्या जातीच्या साइटमध्ये दिवा काचेमागे बंदिस्त नसल्याने त्यावर बसलेला कण किंवा थेंब ठिपका फाटका करतो वा झाकून टाकतो. या भागासाठी दोन्ही बाजूंना काच असलेली बंद जात, थोडी जड असली तरी, अधिक भरवशाची आहे. काचेवर बसलेली बारीक पूड कापडाने कोरडी घासू नये, आधी मऊ ब्रशने झटकावी, कारण घासल्याने मुलाम्यावर चरे उमटतात. माउंट कधीही काढून पुन्हा बसवला, की पहिले काही छर्रे टेकूवरून कागदावर मारून नेम नव्याने तपासावा, आणि स्क्रूच्या माथ्यापासून माउंटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे स्क्रू सैल झाल्यास ती तुटलेली दिसते.