खारट पाण्याची वर्दी

रात्री जेवून आडवं झालं की माझ्या तोंडात एकदम पातळ, खारट पाणी भरून यायचं. उठून बेसिनपाशी जावं लागे. घरात सगळ्यांचं एकच निदान: जंत झालेत! जंताची गोळी झाली, ओवा झाला, पाणी येतच राहिलं. उलगडा केला तो दंतवैद्यांनी. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. त्यांनी विचारलं, "रात्री छातीत जळजळतं का?" जळजळत होतं. पण त्याचा दातांशी संबंध असेल, हे कुणाच्या मनात येणार?

जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर चढलं की तिथल्या नसा व्हेगस मज्जातंतूवाटे मेंदूला खबर देतात आणि तिथून लाळग्रंथींना हुकूम सुटतो. लाळेत बायकार्बोनेट असतं. गिळलेली लाळ अन्ननलिकेत उरलेलं आम्ल निष्प्रभ करते. म्हणजे ते पाणी ही शरीराने स्वतःच धाडलेली मदत. ती थुंकू नका, गिळा. उलटीआधी तोंडाला पाणी सुटतं, तेही असंच दातांना वाचवतं.

झोपेत मात्र लाळ जवळजवळ आटते, गिळणंही फार कमी होतं. वर आलेलं आम्ल मग बराच वेळ तिथेच राहतं. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास तरी जाऊ द्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे लावा. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. मला सर्वांत जास्त गुण याच गोष्टींनी आला.

आंबट पाणी तोंडापर्यंत आलं तर लगेच ब्रश मुळीच करू नका. साधारण ५.५ पीएचच्या खाली दातांचं एनॅमल विरघळू लागतं. मऊ पडलेला तो थर ब्रशने खरवडला जातो. साध्या पाण्याने चूळ भरा, तासभर थांबा. पित्तावर म्हणून लिंबूसरबत किंवा कोकमसरबत घेत असाल, तर दातांवर आणखी आम्लच पडतं. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. त्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घास अडकत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. आणि जिना चढताना छातीवर दाब येत असेल, तर ते पित्त समजून घरी थांबूच नका.