दातांवरील कीटण आणि हिरड्यांची निगा

दंतविभागात रुग्णाला स्केलिंग, म्हणजे दातांवरील कीटण काढून घेण्याचा सल्ला दिला की सोबत आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून एक आक्षेप हमखास येतो. 'दात साफ केले की ते हलू लागतात, त्यांच्यात फटी पडतात,' असे त्यांचे म्हणणे असते. हा समज हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्यामागे प्रत्यक्ष अनुभव असतो. शेजारीपाजारी कोणाचे तरी दात सफाईनंतर खरोखरच सैल भासलेले असतात. अनुभव खरा असतो. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा असतो. आणि या निष्कर्षापायी उपचार पुढे ढकलले जाऊन अखेर किडीचा स्पर्शही न झालेले दात गळून पडतात.

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांवर जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर बसू लागतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहून गेला, तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट हे क्षार त्यात मुरतात आणि थोड्याच दिवसांत तो दगडासारखा कडक होतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडील बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस ते अधिक साठते, कारण लाळग्रंथींची मुखे तेथेच उघडतात. एकदा कडक झालेले कीटण ब्रशने निघत नाही; कोणत्याही मंजनाने वा महागड्या पेस्टनेही निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवाणूंचे नवे थर बसत राहतात, हिरडी सुजते, लालसर होते आणि घासताना रक्त येते.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये जेमतेम तीन मिलिमीटरपर्यंत खोलीची खाच असते. सूज टिकून राहिली की काही व्यक्तींमध्ये ही खाच खोल होत जाते, कीटण हिरडीखाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड हळूहळू झिजू लागते. या साऱ्या काळात बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवीत नाही, हीच या विकाराची खरी अडचण आहे.

आता सैल दातांविषयी. हाड झिजलेले दात कीटणाच्या जाड पट्टीने एकमेकांस जणू सांधलेले असतात, आणि सुजलेल्या हिरडीने त्यांच्यामधील मोकळी जागा झाकलेली असते. कीटण निघाले, सूज ओसरली, की आधीच झालेली हानी उघडी पडते. भिंतीतला ओलावा रंगाने झाकलेला असावा आणि रंग खरवडल्यावर दिसावा, तसेच हे. सूज उतरल्यावर पुढील काही आठवड्यांत दातांचा सैलपणा पुष्कळदा कमी होतो. मात्र गेलेले हाड केवळ सफाईने भरून येत नाही. म्हणूनच हे काम वेळीच झालेले बरे.

स्केलिंगचे यंत्र दात घासून झिजवीत नाही. त्याचे टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून अधिक वेळा कंप पावते आणि त्या कंपनांनी कीटण सुटते. सोबतची पाण्याची धार टोक थंड ठेवते. दाताचे बाह्य आवरण, एनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. प्रशिक्षित हातांनी केलेल्या स्केलिंगने त्यास इजा होत नाही. कीटण हिरडीखाली खोल गेले असल्यास जागा बधिर करून मुळांपर्यंत सफाई करावी लागते व त्यास एकाहून अधिक भेटी लागतात.

विभागास भेट देणारे देणगीदार यंत्राची चौकशी आस्थेने करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु रुग्णाच्या हाती आरसा देऊन ब्रश कसा धरावा हे शिकविण्यात जाणारी दहा मिनिटे यंत्राइतकीच मोलाची असतात. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात स्वच्छ करणे पूर्णपणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. पुन्हा स्वच्छता सुरू करताच साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. स्केलिंगनंतर घरी काय घडते यावर पुढचे सारे अवलंबून असते, ते यामुळे.

स्केलिंगच्या दिवशी हिरड्या किंचित हुळहुळतात, थुंकीत थोडे रक्त दिसते. त्या दिवशी फार गरम व तिखट पदार्थ टाळावेत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात. मुळांचा काही भाग उघडा पडल्याने थंड पाणी दोन-चार दिवस, क्वचित दोन आठवडे झोंबते. त्यासाठी संवेदनशील दातांची पेस्ट मिळते. रक्त येते म्हणून ब्रश बंद ठेवणे ही या काळात सर्वाधिक आढळणारी चूक. मऊ ब्रश दात व हिरडी यांच्या सीमेवर थोडा तिरपा टेकवून हलके, आखूड हात फिरवावेत. घाई न करता, निदान दोन मिनिटे, आणि रात्री झोपण्यापूर्वी न चुकता. दोन दातांमधील फटींसाठी बारीक ब्रश मिळतात. साडीची पिन किंवा काडेपेटीची काडी त्यासाठी कदापि वापरू नये. क्लोरहेक्सिडिनचे औषधी पाणी दंतवैद्याने सांगितले तरच आणि सांगितले तितकेच दिवस वापरावे, कारण दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

आपल्याकडील अनेक घरांत मशेरी अजूनही दात घासण्याचे साधन मानली जाते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्यांची हानी होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी फसवी. धूम्रपानामुळे हिरड्यांतून येणारे रक्त कमी दिसते आणि आजार आतल्या आत वाढत राहतो.

मधुमेहींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. साखर नियंत्रणात नसेल तर हिरड्यांचा विकार बळावतो, आणि हिरड्यांतील दाह साखरेचे नियंत्रण अवघड करतो. कोक्रेन या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेहींचे एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरले. रोजची औषधे अर्थातच चालू ठेवायची असतात.

उपचारास येताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या विचाराने बंद करू नयेत. हृदयाची झडप बदललेली असल्यास, पेसमेकर बसविलेला असल्यास किंवा गर्भावस्था असल्यास तसे आधीच सांगावे. खोल सफाई झालेल्या रुग्णांना साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बोलावून खाचांची खोली मोजली जाते, आणि त्यानंतर बहुतेकांना दर तीन महिन्यांनी. ही तारीख केसपेपरवर लिहिलेली असते. त्या दिवशी दात दुखत नसले तरीही यावे.