चिखलाचे टायर घेण्यापूर्वी हिशेब करा

रत्नागिरी-रायगडच्या आडगावांत आणि घाटाखालच्या वाड्यांवर किराणा, खत, सिमेंट, दूध पोहोचवणाऱ्या अनेक छोट्या व्यावसायिकांकडे फोर व्हील ड्राइव्ह जीप किंवा पिकअप असते. पावसाळा जवळ आला की टायरचा विषय निघतो. मोठमोठ्या ठोकळ्यांचे, रांगडे दिसणारे टायर पाहून गिऱ्हाईक खूश होते आणि पैसे मोजून मोकळे होते. वर्ष-दीड वर्षात ठोकळे घासतात, एखादा टायर बाजूने चिरतो आणि मग कंपनीला दोष दिला जातो. खरे पाहता चूक निवडीत झालेली असते. टायर आपल्या रस्त्याला आणि धंद्याला जुळला तरच टिकतो.

तीन प्रकार

जीपवर्गातील गाड्यांसाठी मुख्यतः तीन प्रकारचे टायर मिळतात. एच टी हा डांबरी रस्त्यासाठी, एम टी हा चिखलासाठी आणि ए टी हा दोन्हींच्या मधला. कोकणातील तांबडी माती भिजली की चिकट होते. ए टी टायरच्या अरुंद खाचा तिने भरून जातात आणि टायर गुळगुळीत पिंपासारखा घसरू लागतो. एम टी टायरच्या खाचा रुंद व खोल असतात. चाक फिरताना त्यांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळे पुन्हा जमीन धरतात.

हाच गुण डांबरावर दोष ठरतो. खाचा रुंद असल्याने रस्त्याला टेकणारे रबर कमी असते. उंच ठोकळे वाकतात, घासतात, घरघर आवाज करतात आणि डिझेलही जास्त लागते. ओल्या घाटात ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते, हे विसरू नये.

नफा-तोट्याचे गणित

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, ए टी टायर ९,००० रुपयांचा असून ६०,००० किलोमीटर चालतो, तर खर्च किलोमीटरला १५ पैसे. एम टी टायर १२,००० रुपयांचा असून ४०,००० किलोमीटर चालतो, तर ३० पैसे. वर्षाला २०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या चार टायरांचा खर्च पहिल्या प्रकारात १२,००० आणि दुसऱ्यात २४,००० रुपये होतो. म्हणजे फरक १२,००० रुपयांचा.

आता दुसरी बाजू पाहा. गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि त्या दिवसाची फेरी बुडते. असे एकदा रुतणे १,५०० रुपयांना पडत असेल, तर वर्षातून आठ वेळा वाचले की एम टी टायरचा जादा खर्च भरून निघतो. ज्याची गाडी पावसाळ्यात रोज कच्च्या वाटेने जाते, त्याला तो परवडतो. ज्याची गाडी दहापैकी आठ फेऱ्या डांबरावर करते, त्याने ए टी घ्यावा. स्वतःचे आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा.

बाजू तपासा

कोकणात चिखल चार महिने असतो, पण जांभ्या दगडाची धार बारा महिने असते. माथ्यावरचे पंक्चर काढता येते. बाजू चिरली तर टायर फेकूनच द्यावा लागतो. म्हणून टिकाऊपणा पाहताना नक्षीआधी साइडवॉल पाहावी. तिच्यावर ६ पीआर, ८ पीआर असे लिहिलेले असते. हा आकडा ताकदीचा दर्जा सांगतो; आत तेवढे थर असतातच असे नाही. काही टायरांवर याऐवजी सी, डी, ई ही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे ६, ८ आणि १० पीआर. जास्त दर्जाचा टायर वजन व ठोकर अधिक सोसतो, पण रिकाम्या गाडीत हादरे देतो.

टायरवरील अक्षरे

२४५/७५ आर १६ याचा अर्थ रुंदी २४५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, रेडियल बांधणी आणि १६ इंची रिम. त्यापुढे १११ असेल तर एक टायर १,०९० किलो भार पेलतो. १०५ असेल तर ९२५ किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर. चार अंकी शिक्का तयार झाल्याची तारीख सांगतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. स्वस्तात मिळतो म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर घेऊ नये. न वापरताही रबर कडक होते. आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे.

मोठ्या मापाचा मोह

२४५/७५ ऐवजी २६५/७५ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे ३० मिलिमीटरने वाढतो. मीटर १०० दाखवते तेव्हा गाडी १०४च्या वेगात असते. चढावर ताकद कमी पडते, ब्रेकवर ताण येतो, वळताना टायर घासतो. कंपनीने ठरवलेले माप सोडू नये. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखेच झिजलेले असावेत. नाहीतर फोर व्हील लावल्यावर गिअरच्या पेटीवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी.

दोन संचांची सोय

ज्यांना जमेल त्यांनी दोन संच ठेवावेत. जून ते सप्टेंबर एम टी आणि उरलेले आठ महिने, म्हणजे आंब्याच्या हंगामातही, ए टी. सुरुवातीला रक्कम जास्त गुंतते, पण एक संच धावत असताना दुसरा झिजत नाही. उतरवलेले टायर धुऊन, सावलीत, तेल आणि वेल्डिंगपासून दूर ठेवावेत.

निगा

हवा दर आठवड्याला टायर थंड असताना तपासावी. योग्य आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. रिकामी गाडी खोल चिखलात घालताना हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, पण डांबरावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. माल भरलेला असताना हवा कमी करू नये, साइडवॉल फाटते. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी. खाचेतील खूण १.६ मिलिमीटर खोली राहिल्याचे दाखवते. चिखलातली पकड मात्र त्याच्या कितीतरी आधी जाते.

दुकानात जाण्यापूर्वी एक महिना वहीत रोजच्या फेऱ्या लिहाव्यात: किती किलोमीटर डांबर, किती माती, किती दगड. कोणता टायर घ्यायचा, हे त्या वहीवरून ठरवावे.