निजण्याआधी शेगडी बाहेर

दिवाळी सरली की नांदेड-लातूरकडे दिवसा ऊन चटकतं आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, न्हाणीत बंब लागतो, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी जाते. म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या बाळांना आणि दमेकऱ्यांना थंडी खरोखरच बाधते, तेव्हा ऊब हवीच. माझं सांगणं एवढंच आहे, की झोपायच्या खोलीत विस्तव ठेवून कुणीही निजू नये.

लाकूड, कोळसा किंवा गोवरी जळताना पुरेशी हवा मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण शेगडी अंगणात पेटवतो आणि निखारे लाल झाले की आत आणतो. धूर गेला, पण हा वायू निघतच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पुरत नाही. जागा माणूस डोकं दुखतंय म्हणून उठून बाहेर तरी येईल. झोपलेल्याला जागच येत नाही.

'आमच्या आजीनं जन्मभर शेगडी वापरली, तिला कुठं काय झालं?' असं पुष्कळजण विचारतात. आजीच्या माळवदाच्या घरात धूर जायला छतातच वाट ठेवलेली असायची आणि दारांना फटी असायच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर दगड-मातीच्या घरांची धास्ती बसली. आता स्लॅब आला, घट्ट बसणाऱ्या काचेच्या खिडक्या आल्या. अशा खोलीत तीच शेगडी जास्त घातक ठरते. आणि आजीलाही काहीच झालं नाही, असं नसतं. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायांचा जुना खोकला, चार पायऱ्यांत लागणारी धाप आणि मोतीबिंदू यांत त्या धुराचा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली.

बाळंतिणीच्या घरच्यांना विशेष विनंती. बाजेखालची शेगडी आणि बाळाला दिली जाणारी ओवा-वावडिंगाची धुरी, दोन्ही बंद करा. बाळाची फुप्फुसं नाजूक असतात, शिवाय लोंबती गोधडी पेट घेऊ शकते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. टोपी, पायमोजे आणि एकावर एक सुती कपडे घाला. बाळाला ऊब मिळण्यासाठी यापेक्षा चांगला उपाय नाही. आईला शेक हवाच असेल, तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या.

चूल, बंब आणि शेगडी थंडी सुरू होतानाच स्वच्छ करून घ्या.

• साफसफाई विस्तव पूर्ण विझल्यावरच करा. राखेखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो. राखेवर पाणी शिंपडा, नाकाला ओला रुमाल बांधा आणि राख लोखंडी घमेल्यात भरा. प्लास्टिकच्या बादलीत भरू नका, कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका.

• बंबाच्या मधल्या नळीतली काजळी आणि तळाची राख काढा. नळी तुंबली की धूर न्हाणीत कोंडतो. बंब शक्यतो अंगणातच ठेवा, आणि आधी पाणी भरून मगच पेटवा.

• घरात धुराडं असेल, तर त्यातली जाळी-जळमटं, पाखरांची घरटी आणि काजळी काढून घ्या.

• जळण वाळलेलंच वापरा. तुराट्या, पऱ्हाट्या आणि बाभळीची लाकडं दवापासून झाकून ठेवा. टायर, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळू नका. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून विस्तव पेटवू नका.

• शेकताना साडीचा पदर, शाल, ओढणी सांभाळा. लेकरांना विस्तवापासून चार हात लांब बसवा.

शहरातल्या वाचकांनी गॅस गिझरकडेही लक्ष द्यावं. बंद बाथरूममध्ये त्यातूनही हाच वायू साचतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या.

भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नका.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी ही या वायूच्या विषबाधेची लक्षणं आहेत. ताप नसताना घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं होऊ लागलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. माणूस बेशुद्ध असेल तर दार-खिडक्या उघडून, स्वतः आत न रेंगाळता त्याला बाहेर ओढा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जे रुग्णालय जवळ असेल तिथे न्या. मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला, की साध्या हवेत निम्म्यावर यायला चार-पाच तास घेणारा रक्तातला हा वायू तास-दीड तासातच निम्म्यावर येतो.

पोचल्यावर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: 'खोलीत शेगडी होती.' बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवतो आणि आकडा 98-99 दाखवत राहतो. तुम्ही सांगितलं नाही, तर निदान तिथेच चुकू शकतं.