मूल वाचवायचं असेल, तरीही?

प्रश्न: अपहरण झालेल्या मुलाचा ठावठिकाणा आरोपी सांगत नसेल, तर पोलिसांनी त्याला फोडून काढलं तर काय बिघडलं?

उत्तर: तुमची तळमळ समजते. २००२ मध्ये फ्रँकफर्टला असाच प्रसंग घडला. अकरा वर्षांच्या मुलासाठी पोलिसांनी आरोपीला असह्य वेदना देण्याची नुसती धमकी दिली. तो बोलला, पण मूल आधीच मारलं गेलं होतं. धमकावणारे अधिकारी दोषी ठरले. २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ती वागणूक अमानुष ठरवली. आरोपीची जन्मठेप मात्र कायम राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारात युद्ध, आणीबाणी, वरिष्ठांचा हुकूम, कुठलीच सबब चालत नाही. भारताने १९९७ मध्ये त्यावर सही केली, अनुसमर्थन मात्र अजून दिलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.