डेटाबेसची पुनःस्थापना आणि आज्ञेतील पर्याय

मोठ्या ग्रंथालयाची सूची, पेढीचे हिशेब, रुग्णालयातील नोंदी हे सर्व आज संगणकावरील डेटाबेसमध्ये साठविले जाते. त्याची सुरक्षित प्रत काढणे म्हणजे बॅकअप व त्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करणे म्हणजे पुनःस्थापना होय. ही कामे पुष्कळदा कळफलकावरून आज्ञेची एक ओळ लिहून केली जातात. आज्ञेच्या नावापुढे जी अक्षरे किंवा शब्द जोडतात, त्यांना पर्याय म्हणतात. त्यांची रचना ही किरकोळ बाब भासते. परंतु पुनःस्थापना बहुधा संकटसमयी व घाईने करावी लागते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पोस्टग्रेसक्यूएल ह्या डेटाबेस-प्रणालीतील ‘पीजी रिस्टोअर’ हे साधन पाहू. त्यात रोमन लिपीतील लहान ‘सी’ लिहिल्यास, प्रतीतून जी कोष्टके आणावयाची ती आधीची असल्यास प्रथम काढून टाकली जातात. मोठा ‘सी’ लिहिल्यास डेटाबेसच नव्याने निर्माण केला जातो. दोन्ही एकत्र लिहिल्यास जुना डेटाबेस संपूर्ण पुसून मग नवा घडविला जातो. लहान ‘डी’ ह्या पर्यायापुढे डेटाबेसचे नाव लिहावयाचे असते. मात्र मोठा ‘सी’ सोबत असता ते नाव केवळ आरंभीच्या जोडणीपुरते वापरले जाते. मजकूर जातो तो प्रतीत नोंदलेल्या मूळ नावाच्या डेटाबेसमध्ये. समजा, ‘ग्रंथसूची’ची प्रत तपासण्यासाठी कोणी ‘डी’पुढे ‘चाचणी’ असे नाव लिहिले आणि दोन्ही ‘सी’ जोडले. त्याच संगणकावर खरी ‘ग्रंथसूची’ असेल, तर पुसण्याची आज्ञा तिच्यावरच सुटेल! माहितीपुस्तिकेत हा नियम स्पष्ट दिला आहे. पण संकटात पुस्तिका कोण उघडतो? ‘क्लीन’ आणि ‘क्रिएट’ असे पूर्ण शब्दही ह्या पर्यायांसाठी चालतात, व ते लिहिणेच श्रेयस्कर.

पर्याय न लिहिल्यास काय घडावे, हा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘मायएसक्यूएल डम्प’ हे साधन काही न सांगताही प्रतीत जुनी कोष्टके काढून टाकण्याच्या आज्ञा घालते. पोस्टग्रेसक्यूएलचे ‘पीजी डम्प’ तसे सांगितल्यावाचून करीत नाही. दुसरी पद्धत अधिक सावध म्हणावी लागेल. ‘पीजी रिस्टोअर’ला मजकूर कोठे पाठवावयाचा हे न सांगितल्यास पूर्वी तो सारा पडद्यावर ओतला जाई. 2019 साली आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून मात्र गंतव्यस्थान सांगितल्याशिवाय ते काम सुरूच करीत नाही.

तथापि एक उणीव अद्याप आहे. वाटेत चूक आढळली तरी हे साधन थांबत नाही. पुढे जात राहते आणि अखेरीस चुकांची संख्या सांगते. त्यामुळे अर्धवट भरलेला डेटाबेस हाती येऊ शकतो. पहिल्याच चुकीला थांबावे असे वाटल्यास लहान ‘ई’ लिहावा लागतो. सर्व काम एकच व्यवहार मानावे, म्हणजे ते पूर्ण तडीस जावे अथवा मुळीच होऊ नये, असे वाटल्यास ‘1’ हा अंक लिहावा लागतो.