पडत्या बाजारात गडमुडशिंगीत घर घेण्याआधी

बाजार थंडावला तरी मालकाच्या तोंडचा भाव लगेच उतरत नाही. प्लॉट पडून राहतो, एजंटाचे फोन वाढतात, आकडा मात्र जुनाच. म्हणून कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी, उजळाईवाडी, गांधीनगर या पट्ट्यात घर बघत असाल, तर इसार देण्याआधी खरा भाव आपला आपण काढावा.

सुरुवात भाड्यापासून करा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत किंवा गांधीनगरच्या पेठेत काम कमी झालं की आधी खोल्या रिकाम्या होतात. घरांच्या किमती नंतर हलतात. बघायच्या घराच्या गल्लीतल्या तीन-चार भाडेकरूंना विचारा की भाडं किती, डिपॉझिट किती, शेजारची खोली कधीपासून बंद आहे. मालक मागितलेलं भाडं सांगतो, भाडेकरू दिलेलं. भाडेकरूने सांगितलेल्या महिन्याच्या भाड्याला बाराने गुणा, घरफाळा आणि देखभाल वजा करा, उरलेल्या रकमेला घराच्या किमतीने भागा. समजा ३५ लाखांच्या फ्लॅटला महिना ८ हजार भाडं आहे. वर्षाचे ९६ हजार, खर्च जाऊन ८४ हजार, म्हणजे २.४ टक्के. गृहकर्जाचं व्याज याच्या जवळपास तिप्पट पडतं. स्वतः राहायला घर हवं असेल तर एवढ्यावरून नको म्हणू नका, पण ‘भाड्यातून हप्ता सुटेल’ म्हणणाऱ्यासमोर हा हिशोब जरूर मांडा.

मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघडा. वर्ष, जिल्हा, तालुका करवीर, गाव आणि आजूबाजूचे गट नंबर टाकत जा. सापडलेल्या दस्ताच्या सूची क्रमांक दोनमध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ अशा दोन रकमा असतात. पहिली दस्तात लिहिलेली, दुसरी रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दराने काढलेली. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा आणि अलीकडचे दस्त दोन वर्षांपूर्वीच्या दस्तांशी ताडून बघा. बक्षीसपत्रं आणि घरातल्या घरात झालेले व्यवहार वगळा. कागदावर कमी आणि वरून रोख अशा व्यवहारांमुळे हे आकडे खालचे दिसू शकतात, तरी भाव कुठल्या दिशेने चाललाय ते कळतं.

पुढची पायरी बरेच जण विसरतात, आणि महागात तीच पडते. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडीरेकनर यांत जे जास्त त्यावर लागतं. बाजार पडला म्हणून रेडीरेकनर आपोआप उतरत नाही. दोन वर्षं जैसे थे ठेवून एप्रिल २०२५ मध्ये तो वाढवला गेला. समजा रेडीरेकनरने ३० लाख होतात आणि तुम्ही २६ लाखांत ठरवलंत. फरक ४ लाखांचा, म्हणजे किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त. दहा टक्के ओलांडले की तो सगळा फरक आयकरात तुमचं उत्पन्न धरला जातो, आणि विकणाऱ्याचा नफाही ३० लाखांवरून मोजला जातो. तेव्हा भाव पाडून मागताना रेडीरेकनरची ही रेघ आधी आखून घ्या. नवा फ्लॅट असेल तर किंमत तीच ठेवून मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बिल्डरने सोसावा असं मागता येतं. कोरोनात सरकारनेही हीच वाट धरली होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं.

भाव फारच खाली असेल तर त्याला मंदीच कारण आहे असं लगेच मानू नका. बिगरशेतीचा आदेश आहे का, की गुंठेवारीचा तुकडा आहे? नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. विमानतळ शेजारीच असल्याने इमारतीच्या उंचीला मर्यादा येऊ शकते, त्याची परवानगी बघा, आणि जमीन विस्ताराच्या भूसंपादनात येते का तेही तलाठ्याकडे विचारा. अशी स्वस्ताई घेताना सुखाची वाटते, विकताना दुसरा कोणी घेत नाही.

आता मागणी सांगा. सूची क्रमांक दोनमधून निघालेला दर कागदावर लिहून न्या, एजंटाला टाळून थेट मालकासमोर ठेवा आणि आठ दिवस थांबा. घाई त्याला आहे. इसार बँकेतूनच द्या. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे.

भाड्यानेच राहायचं ठरवलंत, तर करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवून घ्या. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. खोल्या रिकाम्या असताना नूतनीकरणाची भाडेवाढ करारातून काढून टाकायला सांगा. बरेच मालक ऐकतात.